विहिरींचा नकाशा खुला करायचाय? आधी प्रत्येक पॉइंट कुठून आला ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मोखाडा आणि जव्हार तालुक्यांतल्या ६२ पाड्यांवर तुमची संस्था पाण्याचं काम करते. दोन वर्षांत कार्यकर्त्यांनी विहिरी, झरे, हातपंप, पायवाटा असे सुमारे १,९०० पॉइंट जमवले. निम्मे जागेवर जाऊन मोबाइलच्या जीपीएसनं घेतले, निम्मे ऑफिसात बसून गूगलच्या उपग्रहचित्रावर बघून टाकले. आता पैसे देणारी संस्था म्हणते, हा डेटा ‘ओपन’ करा. पंचायत समितीला तो हवाय, एका खासगी कंपनीनंही विचारलंय. आणि तुम्हाला कळायला हवंय की ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा जगाच्या खुल्या नकाशावर, टाकला तर आपला हक्क राहतो का, आणि लायसन्स, म्हणजे इतरांनी तो कोणत्या अटींवर वापरायचा याची परवानगी, कोणतं लावायचं.

गेली तेरा-चौदा वर्षं मी संस्थांसाठी हेच काम करतोय, त्यामुळे मोकळेपणानं सांगतो : लायसन्सचं नाव मी शेवटाकडे सांगेन. ते कोणतं लावता येईल हे तुमचा कार्यकर्ता पहिल्या दिवशी काय बघून पॉइंट टाकत होता, त्यावर बरंचसं ठरून गेलेलं आहे. फाइल तुमच्याकडे एकच असली तरी तिच्यात वेगवेगळ्या हक्कांचा माल एकत्र भरलाय. तो आधी निवडून वेगळा करायला हवा.

गूगलवरून घेतलेल्या निम्म्यापासून सुरुवात करू, कारण खरी अडचण तिथेच आहे. गूगलच्या अटींमध्ये त्यांच्या नकाशावरून किंवा उपग्रहचित्रावरून गिरवून स्वतःचा डेटासंच तयार करायला मनाई आहे. यावर बरेच जण म्हणतात, ‘अहो, विहीर तर आमच्या गावातली आहे, गूगलची थोडीच आहे?’ विहीर तुमचीच आहे. पण तिचे अक्षांश-रेखांश तुम्ही ज्या चित्रावरून घेतले, ते चित्र वापरताना त्यांच्या अटी तुम्ही मान्य केल्या आहेत. भारतात नुसत्या माहितीवर कॉपीराइट नसतो, निवड आणि मांडणीत थोडी तरी कल्पकता लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितलं. युरोपात डेटाबेसवर जसा वेगळा हक्क १९९६ पासून आहे, तसा आपल्याकडे नाही. तेव्हा कोर्टात काय होईल यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. पण ओपनस्ट्रीटमॅपचा समुदाय या वादात पडतच नाही. गूगलवरून आलेला डेटा तिथे चालत नाही, सापडला तर काढून टाकतात. आणि तुम्हीही तो ‘आमचा खुला डेटा’ म्हणून स्वतःच्या नावानं वाटू नये, असं माझं ठाम मत आहे. पुढे कुणी तुमच्या भरवशावर तो वापरणार असतो.

हे दोन निम्मे आता वेगळे कसे करायचे? तुम्ही कोबोटूलबॉक्स (मोबाइलवर फॉर्म भरून माहिती जमवायचं साधन) वापरलंय असं लिहिलंय, ते बरं झालं. कोबोच्या एक्सपोर्टमध्ये प्रत्येक पॉइंटला चार आकडे असतात : अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूकता. जागेवर उभं राहून घेतलेल्या रीडिंगमध्ये चौथा आकडा ४, ६, ११ असा काहीतरी मीटरमध्ये असतो. नकाशावर बोट टेकवून टाकलेल्या पॉइंटला तिथे बहुधा शून्य असतं किंवा रकाना रिकामा असतो. त्या एका रकान्यावर फिल्टर लावा, दुपारभरात चित्र स्पष्ट होईल. जे संशयास्पद राहतील त्यांचा कार्यकर्ता आणि तारीख बघा. रविवारी रात्री साडेनऊला एकाच माणसानं चाळीस विहिरी नोंदवल्या असतील, तर तो चाळीस विहिरींवर गेला नव्हता हे उघड आहे.

संशयातले पॉइंट फेकून द्यायची गरज नाही. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, ‘जाऊन बघायचे’ असं नाव द्या, आणि ती फाइल बाहेर देऊ नका. त्यांना मार्गी लावायचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता म्हणजे पायी जाणं. जागेवर जाऊन स्वतःचं रीडिंग घेतलं की ते तुमचं झालं, आधी ती जागा कुठे दिसली होती याचा प्रश्न राहत नाही. दुसरा रस्ता ओपनस्ट्रीटमॅपच्या एडिटरमध्ये जी छायाचित्रं दिसतात त्यांचा. मायक्रोसॉफ्टनं २०१० मध्ये बिंगची छायाचित्रं ओपनस्ट्रीटमॅपसाठी गिरवायला परवानगी दिली. पण ती परवानगी गिरवलेलं ओपनस्ट्रीटमॅपमध्ये टाकण्यापुरती आहे, घरची स्वतंत्र फाइल बनवण्यासाठी नाही. म्हणजे या रस्त्यानं गेलात तर ते पॉइंट ओपनस्ट्रीटमॅपच्या लायसन्सखालीच राहतील, त्यांना तुम्ही दुसरं लायसन्स लावू शकणार नाही. मी म्हटलं ना, लायसन्स पहिल्या दिवशी ठरतं, ते असं.

तुमच्या भागासाठी मी पहिलाच रस्ता धरेन. घरं, रस्ते, पाझर तलाव चित्रावरून छान दिसतात. पण मोखाड्यातले झरे झाडीखाली, उतारावर, दगडाच्या कपारीत असतात, वरून दिसतच नाहीत. शिवाय डोंगराळ भागात उपग्रहचित्र सरकलेलं असतं, कधी दहा-पंधरा मीटर, कधी जास्त. आधी जीपीएसनं चाललेल्या वाटेशी चित्र जुळवून न घेता गिरवलं, तर विहीर ओढ्याच्या पलीकडे जाते. पावसाळ्यात ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे यावर त्या पाड्याचं पाणी ठरतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

जागेवरच्या रीडिंगबद्दल एक गोष्ट. नव्या मुलांबरोबर मी पहिल्या दिवशी एकच काम करतो : एका विहिरीच्या काठावर सगळ्यांना उभं करतो आणि फोनवरचा अचूकतेचा आकडा मोठ्यानं वाचायला लावतो. सुरुवातीला कुणाचा २२ असतो, कुणाचा १८. बटण दाबायची घाई सगळ्यांनाच असते. मी थांबवतो. मिनिटभरात १२ होतो, मग ८, मग ५ वर येऊन ठरतो. फोन छातीशी न धरता हात पुढे करून आकाशाकडे धरला की लवकर उतरतो. मग विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईंना विचारायचं, ‘हिला काय म्हणतात?’ एकदा एका विहिरीला वरच्या पाड्यातली माणसं ‘खालची विहीर’ म्हणत होती आणि खालच्या पाड्यातली ‘वरची’. दोन कार्यकर्त्यांनी दोन दिवशी दोन नावांनी नोंदवली, फाइलमध्ये दोन विहिरी झाल्या, आणि टंचाई आराखड्यासाठी केलेल्या यादीत एका पाड्याला नसलेली विहीर मिळाली. तेव्हापासून मी नावाचे दोन रकाने ठेवतो : नाव काय, आणि हे नाव कुठल्या पाड्यात सांगितलं.

आता मालकीकडे येऊ. पगारी कर्मचाऱ्यानं नोकरीचा भाग म्हणून नकाशा किंवा संकलन केलं, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक नोकरी देणारा, म्हणजे तुमची संस्था. बाहेरच्या एजन्सीला ठेका दिला असेल तर तसं नाही. पैसे तुम्ही दिले एवढ्यानं नकाशाचा कॉपीराइट तुमच्याकडे येत नाही, तो लेखी लिहून घ्यावा लागतो. आणि लिहून घेताना मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. खुल्या लायसन्सला हे दोन्ही अडतं, कारण खुलं लायसन्स कायमचं आणि जगभरासाठी असतं.

माझं हे शिक्षण महागात पडलं. सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेसाठी मी बाहेरच्या सर्वेक्षण कंपनीकडून तालुकाभरातले बंधारे मोजून घेतले. करार दीड पानी होता : काम, दर, तारीख. हक्काबद्दल एक ओळही नव्हती. तीन वर्षांनी डेटा खुला करायची वेळ आली तेव्हा कंपनीनं पत्र पाठवलं की वापर तुमच्या प्रकल्पापुरता, वाटायचा असेल तर वेगळे पैसे. संस्थेकडे ते नव्हते. केटी बंधाऱ्यांचा तो सगळा संच कपाटात पडून राहिला, आणि पुढे दुसऱ्या एका संस्थेनं तेच बंधारे पुन्हा पदरचे पैसे घालून मोजले. लोकांचे कष्ट असे दोनदा खर्ची पडताना बघणं फार वाईट वाटतं. आता माझ्या प्रत्येक करारात एक परिच्छेद असतो : या कामातून तयार होणाऱ्या सर्व नोंदी, फोटो आणि नकाशांचे सर्व हक्क, जगभरासाठी, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी संस्थेकडे, आणि काम करताना गूगल किंवा अन्य बंधन असलेला कोणताही स्रोत वापरलेला नाही, याची एजन्सीची हमी. स्वयंसेवक असतील तर त्यांच्याकडूनही मराठीतलं, अर्ध्या पानाचं संमतीपत्र घ्या. कॉलेजची पोरं आनंदानं सही करतात. सहा वर्षांनी ती कुठे असतील ते मात्र सांगता येत नाही.

हे झालं की उरलेल्या स्वच्छ माहितीचे तीन ढीग करा. तुमच्या प्रश्नातला निम्मा गोंधळ इथे सुटतो.

पहिला ढीग जागेचा : विहीर कुठे आहे, झरा कुठे आहे, पाड्याचं नाव काय, वाट कुठून जाते, हातपंप आहे की नाही. कुणीही उद्या तिथे जाऊन डोळ्यांनी तपासू शकेल अशी ही माहिती. ओपनस्ट्रीटमॅपवर जायला हीच योग्य. दुसरा ढीग तुमच्या निरीक्षणांचा : मार्चमध्ये पाणी किती खोल, पाण्याचा रंग, दर महिन्याची पातळी. ही मोलाची आहे, पण ओपनस्ट्रीटमॅपवर हिची जागा नाही, कारण तिथे बदलती मापं ठेवत नाहीत. फार तर झरा हंगामी आहे अशी खूण करता येते. ही माहिती तुमच्या स्वतःच्या तक्त्यात ठेवा आणि हवी तर वेगळी प्रसिद्ध करा. तिसरा ढीग माणसांचा : विहीरमालकाचं नाव, मोबाइल नंबर, गट नंबर, कुणाला कुठल्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत ही नोंद. हा ढीग कधीच खुला करायचा नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. तुम्हाला ती माहिती विश्वासानं दिलेली आहे.

इथे एक बारीक फरक मात्र करावा लागतो. ‘महादूची विहीर’ हे पाड्यातल्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव असेल, तर ते जागेचं नाव झालं, नकाशावर येऊ द्या. पण त्याच नोंदीत गट नंबर आणि फोन नंबर असेल तर ती व्यक्तीची माहिती झाली. रकाना सरसकट काढू नका आणि सरसकट ठेवूही नका, एकेक बघा.

जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्रात आहेत, तेव्हा ग्रामसभेला विचारल्याशिवाय काही खुलं करू नका. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, १९९६चा, महाराष्ट्राचे नियम २०१४चे. नकाशा प्रसिद्ध करायला ग्रामसभेची परवानगी घ्या असं त्यात शब्दशः लिहिलेलं नाही, पण पाणी आणि जंगल यांच्या व्यवस्थापनात तिला मान दिलेला आहे, आणि तो आपणही द्यावा. मोठा छापील नकाशा घेऊन जा, जमिनीवर पसरा, लोकांना वाकून बघू द्या. देवराईतला झरा नकाशावर नको असं कुणी म्हटलं तर काढून टाका, कारण विचारू नका. आणि असंही होतं की लोक स्वतःहून भर घालतात. माझ्या एका नकाशावर एका आजींनी काठीनं दाखवलं की इथे डोहाशेजारी वाळूत खड्डा काढला की एप्रिलपर्यंत पाणी मिळतं. त्या काठीच्या टोकाशी आमच्या नकाशावर काहीही नव्हतं.

पाड्यांच्या नावांवर मेहनत घ्या. महसुली गावांच्या यादीत पाडे नसतात, जनगणनेतही गाव मोजलं जातं. एका महसुली गावात आठ-दहा पाडे, एकमेकांपासून डोंगर उतरून-चढून तासाभराच्या अंतरावर. यादीत ‘गावात विहीर आहे’ असं दिसतं, पण ती एका पाड्यात असते. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच मोखाड्यात आहे आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो. टँकर कुठल्या पाड्याला, हे ठरवायचं तर आधी पाडा नकाशावर असायला हवा. पेसाच्या नियमांप्रमाणे पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं, त्या कामातही असा नकाशा लोकांच्या हाती लागतो. ओपनस्ट्रीटमॅपवर नावासाठी मराठीचा वेगळा टॅग आहे. देवनागरीतलं नाव तिथे नक्की भरा, आणि वारली किंवा कोकणा लोक ज्या उच्चारानं म्हणतात तो बदलून पुस्तकी करू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न : ओपनस्ट्रीटमॅपवर टाकलं तर हक्क जातो का? जात नाही. तुम्ही ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनला, म्हणजे तो नकाशा सांभाळणाऱ्या संस्थेला, कायमचा, परत न घेता येणारा वापरहक्क देता, पण तो फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवलेला नसतो. मूळ माहिती तुमची राहते आणि तीच फाइल तुम्ही दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या लायसन्सखाली देऊ शकता. फक्त दिलेलं परत मागता येत नाही. म्हणून अपलोड करण्याआधी मूळ फाइल तारखेसकट जपून ठेवा आणि तिला हात लावू नका. कारण वर्षभरात अनोळखी लोक तुमच्या विहिरी दुरुस्त करतील, भर घालतील. ती सुधारलेली आवृत्ती तुम्ही परत उतरवून घेतलीत, तर ती एकट्या तुमची राहिलेली नसते. तिला ओपन डेटाबेस लायसन्स, म्हणजे ओडीबीएल लागू होतं. ओपनस्ट्रीटमॅपनं हे लायसन्स १२ सप्टेंबर २०१२ ला स्वीकारलं, त्याआधी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनं तयार केलेलं लायसन्स होतं. जुन्या लेखांत तुम्हाला जुनंच नाव सापडेल, गोंधळू नका.

ओडीबीएल कामाच्या भाषेत असं : कुणीही वापरावं, विकावंही, पण श्रेय द्यावं, आणि डेटाबेसमध्ये सुधारणा करून तो लोकांत वापरला तर सुधारलेला डेटाबेसही याच अटींवर खुला करावा. त्यावरून केलेलं छापील चित्र, भिंतीवरचा नकाशा, अहवालातलं पान यांना ही दुसरी अट लागत नाही, तिथे ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदाते’ अशी श्रेयाची ओळ पुरते. आणि संस्थेच्या आत वापरलं तर काहीच जाहीर करावं लागत नाही.

दुसऱ्या ढिगाचं काय, पाण्याच्या पातळीचं? तो वेगळ्या तक्त्यात, विहिरीच्या तुमच्या स्वतःच्या क्रमांकाशी जोडून ठेवलात तर तो तुमचाच राहतो. पण तुमच्या विहिरी कमी पडल्या म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवरच्या विहिरी उतरवून त्याच थरात मिसळल्या आणि प्रसिद्ध केलं, की तो सगळा थर ओडीबीएलचा झाला. म्हणून कार्यकर्त्यांना मी एवढंच सांगून ठेवतो की एका रकान्यात दोन घरची भांडी एकत्र ठेवू नका. गुंतागुंतीचं काही असेल तर फाउंडेशनची मार्गदर्शक सूत्रं वाचून घ्या, ती उदाहरणांसकट आहेत.

मग तुमच्या मूळ, स्वच्छ फाइलला लायसन्स कोणतं? हे तुमच्या हेतूवर अवलंबून आहे. जास्तीत जास्त पसरावं एवढंच हवं असेल तर सीसी झिरो, म्हणजे सगळे हक्क सोडून देणं. श्रेय हवं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.०. पण ही अडचण लक्षात ठेवा : बाय ४.० चा डेटा दुसऱ्या कुणाला ओपनस्ट्रीटमॅपमध्ये टाकायचा असेल तर तुमच्याकडून वेगळं संमतीपत्र लागतं, कारण श्रेय देण्याची पद्धत आणि काही तांत्रिक अटी तंतोतंत जुळत नाहीत. ते पत्र फाइलबरोबरच आधी लिहून ठेवा, म्हणजे कुणाला मागावं लागणार नाही. सुधारणा परत आल्याच पाहिजेत असं वाटत असेल तर तुमच्या फाइललाही ओडीबीएल लावा.

‘फक्त ना-नफा वापरासाठी’ ही अट लावू नका, ही माझी विनंती आहे. खासगी कंपनीचा प्रश्न आला की सगळ्या संस्थांना पहिल्यांदा हीच अट सुचते, आणि त्यामागची भावना मला कळते : आदिवासी पाड्यांच्या कष्टावर कुणी पैसे का कमवावे? पण या अटीनं तो डेटा ‘ओपन’ राहत नाही, देणगीदाराची अट मोडते, आणि ओपनस्ट्रीटमॅपवर तो जाऊ शकत नाही. शिवाय अट नेमकी नको त्याला लागते : तालुक्याच्या साप्ताहिकाला, शेतकरी उत्पादक कंपनीला, पाड्यातल्या पोराच्या छोट्या ॲपला. मोठ्या कंपनीकडे वकील असतात, ती वाट काढते. त्या कंपनीनं सुधारणा परत द्याव्यात असं वाटत असेल तर ओडीबीएल त्यासाठीच आहे. मी तुमच्या जागी असतो तर पहिला ढीग ओपनस्ट्रीटमॅपवर, मूळ फाइलही ओडीबीएलखाली, आणि पाण्याच्या पातळीचा तक्ता बाय ४.० खाली, अशी विभागणी केली असती. पंचायत समितीला शिक्क्याचं पत्र लागतं, म्हणून त्यांना फाइलबरोबर मराठीतलं एक पान द्या : काय वापरता येईल, श्रेय कसं द्यायचं, माहिती कोणत्या महिन्यातली आहे.

सरकारी नकाशांबद्दल थोडक्यात. गावाच्या हद्दी, गट नकाशे भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावर दिसतात म्हणून ते मोकळे झाले असं नाही. सरकारी कामावरही साठ वर्षं कॉपीराइट असतो. ज्या संचावर गव्हर्नमेंट ओपन डेटा लायसन्स लिहिलेलं आहे तो श्रेय देऊन वापरा. हे लायसन्स २०१७चं आहे. बाकीच्यासाठी लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. ओपनस्ट्रीटमॅपला थोडक्यात ‘ओएसएम’ म्हणतात, पण देणगीदाराच्या फॉर्ममध्ये ते दिसलं तर नीट बघा : भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ओपन सिरीज मॅप्सचंही संक्षिप्त नाव तेच आहे. आणि अहवालात अख्ख्या भारताचा नकाशा छापणार असाल तर देशाची सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच घ्या. ओपनस्ट्रीटमॅपची सीमा प्रत्यक्ष ताब्यावरून काढलेली असते, आणि सर्वेक्षण विभागाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१च्या कायद्याखाली १९९० पासून गुन्हा आहे.

परवानगीची भीती मनातून काढून टाका. १५ फेब्रुवारी २०२१च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय संस्थेला असा डेटा जमवायला आणि प्रसिद्ध करायला पूर्वपरवानगी लागत नाही, प्रतिबंधित गोष्टींची यादी पाळली की झालं. एक मर्यादा आहे : आडव्या अंतरात १ मीटरपेक्षा आणि उंचीत ३ मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतातच साठवायचा. मोबाइलचं रीडिंग तिथवर पोचत नाही. पण पुढच्या वर्षी तुम्ही डीजीपीएस (मोबाइलपेक्षा खूप अचूक जीपीएस) किंवा ड्रोननं बंधारे मोजणार असं लिहिलंय. ते थेट ओपनस्ट्रीटमॅपवर टाकू नका, त्यांचे सर्व्हर परदेशात आहेत. प्रसिद्ध करायच्या प्रतीत अंशांचे दशांश कमी करा : दशांशचिन्हानंतर पाच आकडे म्हणजे साधारण १ मीटर, चार आकडे म्हणजे ११ मीटर. बंधारा सापडायला चार आकडे पुरतात.

शेवटी अपलोडचं. ९५० पॉइंट एका रात्रीत ढकलू नका. ओपनस्ट्रीटमॅपवर एकगठ्ठा डेटा टाकायचे नियम आहेत, आणि संस्थेनं मिळून काम करायचं असेल तर त्याचीही वेगळी सूत्रं २०१८ पासून आहेत : काय टाकणार, कुठून आलं, कोण जबाबदार, हे आधी ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर लिहायचं, भारतातल्या समुदायाला विचारायचं, वेगळं खातं उघडायचं. चार-सहा आठवडे धरा. तिथे तुम्हाला प्रश्न विचारतील, ‘ही विहीर आधीच नकाशावर आहे, तुमची आणि ही एकच का?’ असले. ते तुमच्याच हिताचे असतात. एका पाड्यापासून सुरुवात करा, तो नीट झाला की पुढचा.

राहिलेल्या निम्म्यासाठी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात माणसं पाठवा. वाटा मोकळ्या असतात, पानगळ झालेली असते त्यामुळे फोनला आकाश मिळतं, आणि तेव्हा ज्या झऱ्यावर कळशी भरताना दिसेल तो झरा बारमाही, हे विचारावंही लागत नाही. फॉर्ममध्ये आत्ताच एक रकाना वाढवा, ‘हा पॉइंट कसा घेतला’, आणि उत्तरं तीनच ठेवा : जागेवर उभं राहून, लांबून अंदाजानं, कुणी सांगितलं म्हणून. रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही असं करून ठेवा. फाइल वेगळी करताना कोबोच्या एक्सपोर्टमध्ये काही अडलं तर त्या रकान्यांची नावं इथेच टाका, मी बघून सांगतो.